तेलविहिरींच्या आम्ल-उपचारातील लोह-अवक्षेपणाचे नियंत्रण

खनिज तेलाच्या विहिरीतून तेलाचा ओघ वाढावा म्हणून भूगर्भातील खडकात आम्ल सोडले जाते. या क्रियेस आम्ल-उपचार म्हणतात. उपचाराच्या वेळी आम्लात विरघळलेले लोह पुढे घन रूपात बाहेर पडून खडकाची छिद्रे बुजवू शकते. तसे होऊ नये म्हणून जे यांत्रिक व रासायनिक उपाय योजले जातात, त्यांना लोह-अवक्षेपणाचे नियंत्रण किंवा थोडक्यात लोह-नियंत्रण असे म्हणतात. अवक्षेप म्हणजे द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ. शालेय रसायनशास्त्रात त्याला साका असेही म्हणतात. या विषयाचे महत्त्व एका विसंगतीत आहे. जे आम्ल खडकातील वाटा मोकळ्या करण्यासाठी सोडले जाते, तेच त्या वाटा पुन्हा बंद करणारा पदार्थ आपल्याबरोबर खाली नेते. हा पदार्थ बहुतांशी खडकातून येत नाही, तर विहिरीच्या पोलादी नळ्यांतून येतो.

आम्ल-उपचाराची पार्श्वभूमी

तेल हे भूगर्भात तळ्यासारखे साठलेले नसून सच्छिद्र खडकाच्या बारीक पोकळ्यांत भरलेले असते. या पोकळ्या एकमेकींना जितक्या चांगल्या जोडलेल्या असतील, तितकी खडकाची पार्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, अधिक असते. खोदकामातील चिखल, मातीचे कण आणि क्षारांची पुटे यांमुळे विहिरीलगतच्या खडकाची पार्यता घटते. चुनखडक व डोलोमाइट हे कार्बोनेटी खडक हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतात. वालुकाश्मातील वाळूवर या आम्लाचा परिणाम होत नाही. तेथे मातीचे कण विरघळवण्यासाठी हायड्रोक्लोरिक व हायड्रोफ्लुओरिक आम्लांचे मिश्रण वापरतात.

सर्वसाधारणपणे १५ टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले जाते. असे १ घनमीटर आम्ल सुमारे २२० किग्रॅ. चुनखडक विरघळवते. खडकात त्यामुळे वेड्यावाकड्या, फांद्या फुटलेल्या पोकळ वाटा तयार होतात. किड्याने लाकूड पोखरावे तशा त्या दिसत असल्याने त्यांना कृमिविवरे असे म्हणता येईल. उपचाराचे यश या वाटा खुल्या राहण्यावर अवलंबून असते.

इतिहास

चुनखडकातील तेलविहिरींत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) हर्मन फ्राश या रसायनतज्ज्ञाला १८९६ मध्ये अमेरिकेत मिळाले. भूगर्भातील गंधक वितळवून वर काढण्याच्या पद्धतीमुळे त्याचे नाव अधिक परिचित आहे. आम्ल-उपचाराची ही पद्धत मात्र लवकरच मागे पडली. आम्ल खडकाप्रमाणेच पोलादी नळ्याही खात असे, ही तिची मोठी अडचण होती.

ही अडचण १९३२ मध्ये दूर झाली. प्युअर ऑइल आणि डाऊ केमिकल या कंपन्यांनी मिशिगन राज्यातील इझाबेला परगण्यातल्या एका विहिरीत आर्सेनिकयुक्त क्षरणरोधक मिसळलेले आम्ल सोडले. क्षरणरोधक म्हणजे धातूच्या पृष्ठभागाचे आम्लापासून रक्षण करणारे द्रव्य. या यशानंतर आम्ल-उपचार झपाट्याने रूढ झाला आणि डाऊ कंपनीने त्याच कामासाठी डाऊवेल ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. पुढे आर्सेनिकच्या विषारीपणामुळे त्याची जागा कार्बनी क्षरणरोधकांनी घेतली.

नळ्या वाचल्या, तरी त्यांच्यावरील गंज वाचत नव्हता, किंबहुना तो वाचावा असा हेतूही नव्हता. गंज आम्लात विरघळून खडकात जात होता. उपचारानंतर लोहाच्या संयुगांचा खडकात पुन्हा होणारा निक्षेप हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरला तो १९६९ मधील स्मिथ, क्रो आणि नोलन यांच्या शोधनिबंधामुळे. १९८४-८५ च्या सुमारास कोल्टर, गॉगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष विहिरींवर मोजमापे घेतली व लोहाचा मुख्य उगम उत्पादन नळी हाच असल्याचे दाखवले. १९८५ मध्ये क्रो यांनी फेरिक हायड्रॉक्साइडचे अवक्षेपण रोखणाऱ्या निरनिराळ्या द्रव्यांची तुलना प्रसिद्ध केली. आजच्या लोह-नियंत्रणाची चौकट बहुतांशी या अभ्यासांवर उभी आहे.

लोहाचे उगम

आम्लात लोह पुढील ठिकाणांहून येते.

१. नळ्यांवरील गंज व पापुद्रा : नवी पोलादी नळीही लोहमुक्त पृष्ठभागाची नसते. तापलेले पोलाद कारखान्यात लाटताना तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडांचा काळसर पापुद्रा बसतो. वापरातील नळीवर तांबूस गंज चढतो. दोन्ही आम्लात विरघळतात.

२. पोलादाचे क्षरण : क्षरणरोधक वापरूनही पोलादाचा थोडा अंश विरघळतोच. त्यातून फेरस क्लोराइड व हायड्रोजन वायू तयार होतात.

३. टाक्या, पंप व वाहने : आम्ल साठवण्याच्या किंवा वाहून नेण्याच्या टाकीचे आतील अस्तर फाटले असल्यास आम्ल विहिरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच लोहयुक्त होते.

४. खडकातील खनिजे : सिडेराइट (लोहाचे कार्बोनेट), हेमॅटाइट, अँकेराइट आणि लोहयुक्त क्लोराइट ही खनिजे आम्लाला लोह देतात. पायराइट हे लोह व गंधकाचे खनिज मात्र हायड्रोक्लोरिक आम्लात फारसे विरघळत नाही.

अवक्षेपणाचे रसायनशास्त्र

विरघळलेले लोह दोन अवस्थांत आढळते : फेरस (संयुजा २) आणि फेरिक (संयुजा ३). लोह-नियंत्रणाचा सारा विचार या दोहोंतील फरकावर आधारलेला आहे. गंजापासून फेरिक लोह मिळते :

फेरिक ऑक्साइड + हायड्रोक्लोरिक आम्ल → फेरिक क्लोराइड + पाणी

पोलादापासून फेरस लोह मिळते :

लोह + हायड्रोक्लोरिक आम्ल → फेरस क्लोराइड + हायड्रोजन

ताज्या आम्लाचा सामू इतका कमी असतो की दोन्ही प्रकारचे लोह त्यात सुखाने विरघळून राहते. आम्ल खडकाशी अभिक्रिया करत पुढे जाते, तसतसे ते खर्ची पडते व त्याचा सामू वाढतो. सामू सुमारे २.२ झाला की फेरिक लोह हायड्रॉक्साइडच्या रूपाने बाहेर पडू लागते आणि सामू ३.२ च्या आसपास पोहोचेपर्यंत ते जवळजवळ पूर्णपणे बाहेर पडलेले असते. फेरस लोहाचे हायड्रॉक्साइड मात्र सामू ७ च्या वर गेल्याशिवाय तयार होत नाही.

चुनखडकात खर्ची पडलेल्या आम्लाचा सामू ७ पर्यंत चढत नाही. अभिक्रियेत निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड भूगर्भातील दाबाखाली पाण्यात विरघळलेला राहतो व द्रावण सौम्य आम्लधर्मी ठेवतो. सामू साधारणपणे ४ ते ६ च्या दरम्यान स्थिरावतो. म्हणून हायड्रोजन सल्फाइड नसलेल्या विहिरीत फेरस लोह निरुपद्रवी असते आणि धोका असतो तो फेरिक लोहाचा.

फेरस लोह हवेतील ऑक्सिजनच्या संपर्कात आल्यास त्याचे फेरिकमध्ये ऑक्सिडीकरण होते. याउलट, फेरिक लोह उघड्या पोलादाला भिडल्यास पोलाद त्याचे क्षपण करून त्याला फेरस बनवते. मात्र त्यात पोलादाचीही झीज होते. नळीतून खाली जाताना काही फेरिक लोह असे आपोआप निरुपद्रवी होते. एकदा का आम्ल नळीतून खडकात शिरले, की हा लाभ संपतो.

एक उदाहरणादाखल हिशेब

३,००० मीटर लांबीच्या व ६२ मिमी. आतील व्यासाच्या नळीचा आतील पृष्ठभाग सुमारे ५८४ चौरस मीटर भरतो. त्यावर दर चौरस मीटरला केवळ ५० ग्रॅम गंज आहे, म्हणजे सुमारे एक शतांश मिलिमीटर जाडीचा थर आहे, असे मानू. एकूण गंज सुमारे २९ किग्रॅ. होतो. तो विरघळवण्यासाठी १५ टक्के तीव्रतेचे अवघे पाव घनमीटर आम्ल पुरते. आम्लाच्या दृष्टीने हे नुकसान नगण्य आहे.

परंतु या गंजात सुमारे २० किग्रॅ. लोह असते. ते २० घनमीटर आम्लात समप्रमाणात मिसळले, तर दर लिटरला सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह होते. ते सर्व फेरिक राहिले आणि हायड्रॉक्साइडच्या रूपाने बाहेर पडले, तर कोरड्या वजनाने सुमारे ३९ किग्रॅ. अवक्षेप तयार होतो. प्रत्यक्षात गंज समप्रमाणात मिसळत नाही. आघाडीच्या आम्लातच त्याचा मोठा वाटा विरघळतो. पहिल्या ५ घनमीटरांनीच सगळा गंज उचलला, तर त्या भागातील लोहाचे प्रमाण चौपट होते. म्हणूनच केवळ सरासरी आकड्यावरून नियंत्रक द्रव्याची मात्रा ठरवणे फसवे ठरते.

खडकाला होणारी हानी

फेरिक हायड्रॉक्साइडचा अवक्षेप तांबूस-तपकिरी, बुळबुळीत व जेलीसारखा असतो. त्यात पाणी मोठ्या प्रमाणात अडकून राहत असल्याने त्याचे आकारमान कोरड्या वजनाच्या मानाने बरेच मोठे असते. विहीर पुन्हा वाहू लागली की हा अवक्षेप तेलाबरोबर विहिरीच्या दिशेने येतो आणि अरुंद जागी अडकतो. विहिरीलगतचा भाग सर्वांत नाजूक असतो, कारण आजूबाजूच्या खडकातील सर्व तेलाला त्यातूनच जावे लागते. तेथे थोडीशी अडवणूक झाली, तरी उत्पादन लक्षणीय घटते.

पाणी सोडण्याच्या विहिरींत ही अडचण वेगळ्या प्रकारची असते. त्यांत प्रवाह खडकाकडे असल्यामुळे, उपचारानंतर मुद्दाम उलटा प्रवाह सुरू केला नाही, तर अवक्षेप बाहेर येण्याची संधीच मिळत नाही.

नियंत्रणाचे उपाय

नळ्यांची पूर्वसफाई

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लोह खडकापर्यंत जाऊच न देणे. मुख्य उपचारापूर्वी क्षरणरोधक मिसळलेले थोडे आम्ल नळीतून खाली सोडतात आणि ते खडकात शिरण्याच्या आत उलट्या प्रवाहाने वर काढून घेतात. नळ्यांच्या जोडांवर लावलेले वंगण व तेलाची पुटे आम्लाला गंजापर्यंत पोहोचू देत नाहीत. म्हणून आम्लाआधी झायलीनसारखे द्रावक फिरवले जाते. वर आलेल्या आम्लातील लोहाचे प्रमाण मोजले की नळी कितपत स्वच्छ झाली ते कळते. वेटोळ्यातून उलगडत जाणारी अखंड नळी विहिरीत सोडून तिच्यातून आम्ल देणे, हा गंजलेली उत्पादन नळी टाळण्याचा दुसरा मार्ग आहे. अर्थात ती नळीही स्वच्छ असावी लागते. टाक्यांचे अस्तर तपासणे आणि पंप धुणे हे याच उपायाचे भाग होत.

कीलेटकारक

उरलेल्या लोहासाठी रसायने वापरतात. त्यांपैकी पहिला गट कीलेटकारकांचा. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. ही द्रव्ये लोहाच्या आयनाला अनेक बाजूंनी पकडून विद्राव्य स्वरूपात धरून ठेवतात. सामू वाढला तरी लोह त्यांच्या पकडीतून सुटत नाही.

ॲसिटिक आम्ल हे यांपैकी सौम्य द्रव्य असून ते सुमारे ६५° से. पर्यंतच उपयोगी पडते. त्याचा कॅल्शियम क्षार विद्राव्य असल्याने जास्त मात्रेने अपाय होत नाही. सायट्रिक आम्ल स्वस्त असून उच्च तापमानातही टिकते, १ किग्रॅ. फेरिक लोहासाठी तत्त्वतः सुमारे ३.४ किग्रॅ. सायट्रिक आम्ल लागते. त्याचा दोष असा की, लोहाच्या मानाने ते जास्त पडले तर उरलेले आम्ल खडकातील कॅल्शियमशी संयोग पावून कॅल्शियम सायट्रेटचा अवक्षेप बनवते. म्हणजे अवक्षेप टाळण्यासाठी घातलेले द्रव्य स्वतःच अवक्षेप होते. ईडीटीए या द्रव्यात हा दोष नाही, परंतु १ किग्रॅ. लोहासाठी ते सुमारे ५.२ किग्रॅ. लागते, ते महाग असते आणि तीव्र आम्लात कमी विरघळते. एनटीए हे द्रव्य आम्लात ईडीटीएपेक्षा अधिक विरघळते व स्वस्तही असते. ईडीटीएचे निसर्गात विघटन सावकाश होत असल्यामुळे अलीकडे ग्लुटामिक आम्लापासून बनवलेल्या जीएलडीएसारख्या अधिक विघटनशील द्रव्यांचा वापर होऊ लागला आहे.

क्षपणकारक

दुसरा गट फेरिक लोहाचे फेरसमध्ये रूपांतर करणाऱ्या द्रव्यांचा. यांत एरिथॉर्बिक आम्ल विशेष प्रचलित आहे. हे क जीवनसत्त्वाचे, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लाचे, समघटक असून खाद्यपदार्थ टिकवण्यासाठीही वापरले जाते. त्याचा एक रेणू दोन फेरिक आयनांचे क्षपण करतो, त्यामुळे १ किग्रॅ. लोहासाठी तत्त्वतः सुमारे १.६ किग्रॅ. द्रव्य पुरते. वरील हिशेबातील २० किग्रॅ. लोहासाठी सुमारे ३२ किग्रॅ. एरिथॉर्बिक आम्ल लागेल, तर सायट्रिक आम्ल सुमारे ७० किग्रॅ. लागेल. हे सर्व आकडे सैद्धांतिक किमान मात्रेचे आहेत. प्रत्यक्षात मात्रा प्रयोगशाळेतील चाचणीवरून ठरवली जाते. हवेच्या संपर्कात हे द्रव्य वाया जात असल्याने ते आम्ल खाली सोडण्याच्या थोडे आधी मिसळणे इष्ट असते.

हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या मिश्रणात याच द्रव्याचा सोडियम क्षार वापरू नये, असा दंडक आहे. वाळू व मातीतून विरघळलेल्या सिलिकॉनशी सोडियमचा संयोग होऊन सोडियम फ्लुओसिलिकेट हा अविद्राव्य पदार्थ तयार होतो. अशा वेळी मूळ आम्लच वापरावे लागते.

हायड्रोजन सल्फाइडयुक्त विहिरी

ज्या विहिरींत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो, तेथे वरील नियम बदलतात. हा वायू स्वतःच फेरिक लोहाचे क्षपण करून त्याचे फेरस बनवतो, परंतु त्या क्रियेत मूलद्रव्यी गंधक बाहेर पडते व तेही खडकात अडकते. शिवाय फेरस लोह या वायूशी संयोग पावून आयर्न सल्फाइडचा काळा अवक्षेप बनवते, आणि त्यासाठी सामू सुमारे २ च्या वर गेला तरी पुरते. म्हणजे इतरत्र निरुपद्रवी असलेले फेरस लोह येथे अपायकारक ठरते. केवळ क्षपणकारक घालून येथे काम भागत नाही. कीलेटकारकांबरोबर सल्फाइडला बांधून ठेवणारी द्रव्ये, उदाहरणार्थ काही अल्डिहाइडे, वापरावी लागतात.

या विहिरींत माणसांच्या जिवालाही धोका असतो. नळीवर जमलेल्या आयर्न सल्फाइडवर आम्ल पडले की हायड्रोजन सल्फाइड मोकळा होतो. हा वायू अत्यंत विषारी आहे. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असला, तरी प्रमाण वाढल्यावर घ्राणेंद्रिय बधिर होते, त्यामुळे वासावर विसंबता येत नाही. म्हणून वायुमापक यंत्रे व श्वसनसाधने आवश्यक असतात.

अस्फाल्टीनयुक्त गाळ

जड तेलांत अस्फाल्टीन नावाचे मोठ्या रेणूंचे घटक असतात. तीव्र आम्लाशी संबंध आल्यावर काही तेलांतून ते डांबरासारख्या चिकट गाळाच्या रूपाने वेगळे होतात. फेरिक लोह या प्रवृत्तीला जोर देते. लोहरहित आम्लाबरोबर निर्धोक ठरलेले तेल फेरिक लोह मिसळलेल्या आम्लाबरोबर गाळ देऊ शकते. म्हणून चाचणीच्या आम्लात मुद्दाम लोह मिसळून, त्याच विहिरीच्या तेलाबरोबर ते घुसळून, मिश्रण बारीक जाळीतून गाळून पाहतात. जाळीवर काही उरल्यास गाळविरोधी द्रव्यात, क्षपणकारकात किंवा आम्लाच्या तीव्रतेत बदल करावा लागतो.

परतीच्या द्रवाचे निरीक्षण

उपचारानंतर खर्ची पडलेले आम्ल शक्य तितक्या लवकर वर काढले जाते, कारण ते जितका काळ खडकात राहील तितकी अवक्षेपणाला संधी मिळते. दाब कमी असलेल्या विहिरीत यासाठी नायट्रोजन वायूचे साहाय्य घेतात. वर येणाऱ्या द्रवाचे नमुने ठराविक अंतराने घेऊन त्यांचा सामू आणि फेरस व फेरिक लोहाचे प्रमाण मोजतात. पोटॅशियम थायोसायनेटने फेरिक लोहाला रक्तासारखा लाल रंग येतो. शाळेतील प्रयोगशाळेत करतात तीच ही चाचणी होय.

नमुन्यांच्या बाबतीत एक चूक वारंवार होऊ शकते. विहिरीतून स्वच्छ, हिरवट आलेला नमुना बाटलीत ठेवल्यावर काही काळाने तांबूस होतो व तळाशी साका बसतो. हा साका विहिरीतच तयार झाला होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. हवेतील ऑक्सिजनने फेरस लोहाचे फेरिकमध्ये रूपांतर केलेले असते आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेल्याने सामूही वाढलेला असतो. म्हणून मोजमाप विहिरीजवळ व ताबडतोब करणे, किंवा नमुना हवाबंद ठेवणे आवश्यक असते. तसेच परतीच्या द्रवात लोह भरपूर आढळले, तर ते विरघळलेल्या अवस्थेत परत आले असाच त्याचा अर्थ होतो. चिंता असते ती न परतलेल्या लोहाची. आत गेलेले आणि बाहेर आलेले लोह यांचा ताळेबंद मांडल्यावरच उपचाराचे मूल्यमापन करता येते.

भारतातील संदर्भ

भारतात आम्ल-उपचाराच्या दृष्टीने मुंबई हाय हे क्षेत्र महत्त्वाचे आहे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किमी. अंतरावर अरबी समुद्रात असलेल्या या क्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला व १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. त्याचा मुख्य तेलवाहक थर मायोसीन काळातील चुनखडकाचा, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळणारा आहे. आसाममधील दिगबोई परिसरातील तेल याउलट वालुकाश्मात आढळते. समुद्रातील फलाटावर जागा मर्यादित असते आणि खारी हवा पोलादाला लवकर गंज आणते. त्यामुळे टाक्या व नळ्यांच्या स्वच्छतेकडे तेथे अधिक लक्ष द्यावे लागते.

मर्यादा

सर्व विहिरींना लागू पडेल असे एकच लोह-नियंत्रक द्रव्य नाही. तापमान, हायड्रोजन सल्फाइडचे अस्तित्व, आम्लाचा प्रकार, खडकातील खनिजे आणि तेलाचे गुणधर्म यांनुसार निवड बदलते. एखादे द्रव्य क्षरणरोधकाशी किंवा पायसविरोधी द्रव्याशी न जुळल्यास दोन्हींचा परिणाम कमी होतो. त्यामुळे सर्व द्रव्ये एकत्र मिसळून चाचणी घेतली जाते. गरजेपेक्षा जास्त रसायन घालणे हा सुरक्षित पर्याय नसतो, हे सायट्रिक आम्लाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वर आलेले आम्ल टाकून देण्यापूर्वी चुना किंवा सोडा घालून उदासीन केले जाते. त्या वेळी सामू वाढून त्यातील लोह हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसते व गाळून वेगळे काढता येते. भूगर्भात जे अवक्षेपण टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला जातो, तेच जमिनीवर सांडपाणी शुद्ध करण्याचे साधन ठरते.